पांढरीतलं शिसं

श्रोतेहो, नमस्कार.

मृगाच्या दोन-चार सरी कोसळल्या की जुन्या गावांच्या पांढरीच्या, म्हणजे जुनी वस्ती ढासळून साचलेल्या पांढुरक्या मातीच्या, टेकाडांवरून माती वाहून जाते आणि आतलं सामान उघडं पडतं. खापऱ्या, मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे. त्यांच्यातच चिखलात रुतलेली, करड्या रंगाची, बोटाच्या पेराएवढी एखादी चकती असते. तांब्याचं नाणं हिरवं पडतं, लगेच डोळ्यात भरतं. ही चकती मात्र खड्यासारखी पडून राहते. आज मला त्या चकतीबद्दल बोलायचं आहे. जमिनीत सापडणाऱ्या शिशाच्या लहान लहान वस्तूंबद्दल.

शिसं ओळखायचं कसं? हातात घेतलं की ओळखू येतं. आकाराच्या मानानं ते फार जड लागतं. लोखंडाहून जड, तांब्याहूनही जड. त्याला तांबडा गंज चढत नाही, लोहचुंबक त्याला ओढत नाही. मातीत राहून राहून त्याच्या अंगावर पांढुरका किंवा मातकट थर धरतो. तो थर म्हणजे मळ नव्हे. शिशाचंच वरचं अंग हवेनं आणि ओलीनं बदललेलं असतं, आणि नाण्यावरचं चित्र, अक्षरं पुष्कळदा त्या थरातच उरलेली असतात. थर खरवडला की चित्र गेलं. हे मी पुन्हा सांगणार आहे.

आता ही वस्तू काय असू शकते? गवंड्याचा ओळंबा असेल, जाळ्याचं वजन असेल. किल्ल्याच्या पायथ्याला सापडली आणि गोल असली तर बंदुकीची गोळी असेल. साच्यात ओतलेल्या गोळीच्या कमरेभोवती बारीक रेघ दिसते, साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथली. आणि चपटी असली, एका बाजूला हत्ती किंवा सिंह, दुसऱ्या बाजूला कठड्यातलं झाड किंवा अधिकच्या चिन्हासारख्या फुलीनं जोडलेली चार वर्तुळं असली, तर श्रोतेहो, तुमच्या तळहातावर बहुधा सातवाहनांचं नाणं आहे. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचं. सातवाहनांनी चांदीची नाणी पाडली, तांब्याची पाडली, पण शिशाची इतकी पाडली की आपल्या जुन्या गावांतून ती अजून निघताहेत. आणि हे शिसं सगळं इथलं होतं असंही नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक टिपणात गुजरातमधल्या भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तीत दारू आहे, तांबं आहे, कथील आहे आणि शिसंही आहे. त्याच टिपणात पैठणचं नाव आहे, धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं नाव आहे.

पैठणचं नाव निघालं, आता ती गोष्ट सांगायलाच हवी. माझ्या विद्यार्थ्यांना ती तोंडपाठ आहे, पण तुम्ही ऐकलेली नाही.

कॉलेजची मुलं घेऊन मी पैठणला गेले होते. गोदावरीवरचा नागघाट बघून झाला, आणि मुलं नदीच्या कडेकडेनं पुढे गेली. तिथे भोई समाजातले एक आजोबा फेकजाळं पसरून उसवलेली कड शिवत बसले होते. फेकजाळ्याच्या कडेला वजनं ओवलेली असतात, ती पाण्यात तळाला जावी म्हणून, हे तुम्हाला ठाऊक आहे. बहुतेक वजनं बाजारातली होती, एकसारखी, नळीसारखी. पण मधेमधे काही वेगळी होती. चपटा तुकडा घ्यायचा, दोरीभोवती दुमडायचा, दगडानं ठोकून घट्ट करायचा, अशी केलेली. मी सहज वाकून बघितलं. त्यातल्या एका दुमडीवर हत्तीचे मागचे दोन पाय होते. पाय आणि शेपटी. पुढचा हत्ती दुमडीच्या आत.

मी तिथेच बसले. म्हटलं, "बाबा, हे वजन कुठून आणलंत?"

"हे व्हय? हे शिसं हाय बाई. पांढरीचं. पाऊस झाला की गावतंय."

एका मुलीनं भिंग काढलं. दुसऱ्या तुकड्याच्या कडेला दोन अक्षरं होती. ब्राह्मी या जुन्या लिपीतला 'र' म्हणजे जवळजवळ उभी रेघच, खाली किंचित वळलेली. त्याच्या शेजारी 'ञो'. रञो. म्हणजे राजाचं. पुढे राजाचं नाव असणार आणि ते दोरीच्या बाजूला दडलेलं. मुलं इतकी उतावीळ झाली की एकानं दुमड उघडायला नख लावलंसुद्धा. मी त्याचा हात धरला. एवढं जुनं शिसं उलटं वाकवलं की तडकतं. नाव वाचायच्या नादात नाणंच दोन तुकडे व्हायचं. दुमडलेलं आहे ना, मग दुमडलेलंच राहू द्या, तशीच नोंद करा. त्या आजोबांनी ते जाळ्याला ठोकलं, हाही आता त्या नाण्याच्या इतिहासाचाच भाग झाला.

मुलं म्हणाली, विकत घेऊ या. मी नको म्हटलं. जुन्या नाण्याला दाम मोजला की दुसऱ्या दिवशी माणसं कुदळ घेऊन पांढर उकरायला जातात. नाण्यांच्या प्रदर्शनांत विक्रीची टेबलं मांडतात तेही मला मुळीच पसंत नाही, पण तो विषय वेगळा. आजोबाही विकायला तयार नव्हते, त्यांचं कारण आणखी पक्कं होतं. ते म्हणाले, "एका अंगचं वजन काढलं तर जाळं वाकडं पडंल. मासा सुटंल त्या बाजूनं." खरंच होतं. मग त्या तुकड्यांच्या बदली लावायला बाजारातून नवी वजनं आणली. आजोबांनी एका हातात नवं वजन, दुसऱ्या हातात जुना तुकडा असं धरून एकेक जोडी जुळवली. मागाहून सराफाच्या काट्यावर ते तुकडे तोलले तेव्हा कळलं, त्या हातांचा अंदाज किती बरोबर होता.

आता खरी गोष्ट. मुलांनी वही काढली आणि एकीनं लिहिलं: पैठण, नदीकाठ. तिला वाटलं, झालं. आजोबांनी विचारलं, काय लिवलं? तिनं वाचून दाखवलं. आजोबा म्हणाले, "नदीकाठ न्हवं. नदीत कुठलं शिसं? वरल्या अंगाला रस्ता केला तव्हा पांढर तोडली. ती माती टेंपोनं आणून हितं खड्ड्यात वतली. त्या मातीतलं हाय हे."

श्रोतेहो, विचार करा. त्या वहीत "नदीकाठ" एवढंच राहिलं असतं तर उद्या कुणी अभ्यासकानं लिहिलं असतं की सातवाहन काळात पैठणला नदीच्या अगदी काठाशी बाजार होता, नाण्यांचा पुरावा आहे. आणि ती नाणी तर वरच्या वस्तीतून टेंपोत बसून खाली आलेली! आजोबांनी आम्हाला वर नेलं, रस्त्यासाठी तोडलेली पांढरीची भिंत दाखवली, खापऱ्यांचे थर दाखवले. "या उंचीला, माज्या छातीइतकं," म्हणाले. तेच आम्ही लिहिलं. जागा, उंची, माती कधी हलवली, कुठून कुठे हलवली. त्या नाण्यांची खरी नोंद ती. हत्तीचे पाय त्याच्या मागून.

मी शेवटी विचारलं, आणखी होती का अशी? आजोबा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ओंजळभर होती. चुलीवर पळीत वितळवून ओतली आणि वजनं केली. शिसं सव्वातीनशे अंशांना वितळतं, चुलीला ते काही अवघड नाही. "कुनी सांगितलंच न्हाई बाई, की हे ठिवायचं असतं." आणि हे अगदी खरं होतं. पैठणच्या इतिहासावर इतकी व्याख्यानं होतात, इतके ग्रंथ निघतात, पण पांढरीवरून रोज चालणाऱ्या माणसाला कुणी सांगितलं नव्हतं की पायाखालचं शिसं ठेवायचं असतं. म्हणून आज मी रेडिओवर सांगते आहे. तहसील कार्यालयात लेखी कळवण्याचं काम आम्ही त्यांच्या नावानंच केलं, कारण शोध त्यांचा. पुढे त्यांची नात वहीत लिहू लागली: वार, तारीख, कुठल्या झाडापासून किती पावलं. शाळेतल्या पोरीचं अक्षर, पण मोठमोठ्या संग्रहांच्या याद्यांत नसते इतकी नीट नोंद.

असो. वेळ बराच गेला. आता नोंद कशी करायची ते सांगते.

आधी जागा, मग वस्तू. उचलण्याआधी मोबाईलनं फोटो घ्या, आसपासचं झाड, बांध, विहीर दिसेल असा एक आणि जवळून एक. जवळच्या फोटोत पट्टी ठेवा. पट्टी नसेल तर चालू नाणं ठेवा, पण काहीतरी माप ठेवा. माप नसलेले फोटो मला लोक रोज पाठवतात आणि त्यावरून काही सांगता येत नाही. मग लिहा: गाव, गट क्रमांक, किती खोल, नांगरटीत आलं की पावसानं उघडं पडलं, शेजारी काय होतं. राख होती का, मणी होते का, खापरी लाल होती की काळी. आधी जागा, मग वस्तू. आणि आणखी मिळेल म्हणून खणू नका. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत तर मुळीच नाही. धातू शोधायचं यंत्र घेऊन गडांवर फिरणाऱ्या हौशी मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे, ते यंत्र घरी ठेवा.

घरी आणलं की धुऊ नका. चिंच नको, लिंबू नको, व्हिनेगर तर नकोच. तांब्याच्या हंड्याला जे चालतं ते शिशाला चालत नाही. आंबटानं शिसं खाल्लं जातं. माती ओली असेल तर सावलीत वाळू द्या आणि मऊ ब्रशनं हलकेच झटका. बस. खिडकीपाशी तिरप्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा, समोरच्या उजेडात अक्षरं दिसत नाहीत. वजन ग्रॅममध्ये, रुंदी मिलिमीटरमध्ये. मग प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत ठेवा. लाकडी पेटी किंवा पुठ्ठ्याचा डबा नको, लाकडातून निघणारी आम्लाची वाफ शिशाला हळूहळू पांढरं पीठ करून टाकते. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहून बाहेरच्या दुसऱ्या पिशवीत घाला. आणि हात साबणानं धुवा. शिसं विषारी आहे, ते पांढरं पीठ तर फारच. लहान मुलांच्या हाती देऊ नका. जाळं फेकताना त्याची कड दातात धरायची पद्धत आहे. तशी धरू नका, हे आजोबांनाही मी सांगितलं होतं.

खरवडू नका असं मी का म्हणते, त्याचं एकच उदाहरण देते, कोल्हापूरचं. तिथे शिशाची नाणी सापडली, त्यांवर धनुष्यबाण आहे, आणि तीन राजांची नावं आहेत: वासिठीपुत विळिवायकुर, माढरीपुत सिवलकुर आणि गोतमीपुत विळिवायकुर. यांत आधीचा कोण, नंतरचा कोण? कुठल्याही शिलालेखात क्रम नाही. पण काही नाण्यांवर एका राजाच्या ठशावर दुसऱ्यानं आपला ठसा मारलेला आहे, आणि खालची जुनी अक्षरं पुसट दिसतात. वरचा ठसा नंतरचा, खालचा आधीचा. पंडित भगवानलाल इंद्रजींसारख्या अभ्यासकांनी त्यावरून क्रम लावला. मी सांगितला तोच क्रम. आता ही नाणी कुणी चिंचेनं घासली असती तर सगळ्यात आधी काय गेलं असतं? ती खालची पुसट अक्षरं. म्हणून पुन्हा सांगते, थर खरवडू नका.

आणि बघा, तिघेही आईचं नाव लावतात: वासिठीपुत म्हणजे वासिष्ठीचा मुलगा. नाण्यावर, सगळ्या बाजारात फिरणाऱ्या नाण्यावर. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर नावानंतर आईचं नाव येऊ लागलं, मला मनापासून आनंद झाला. उशीर झाला, पण झालं. उन्हाळी शिबिरांत मुलांना नाच शिकवतात, पोहणं शिकवतात, तशी ब्राह्मीही शिकवायला हवी. आठवडाभरात मुलं वाचू लागतात, मी शिकवलेली आहे.

कायद्याचं थोडक्यात. निखात निधीचा, म्हणजे जमिनीत दडलेल्या धनाचा, १८७८ चा कायदा अजून लागू आहे. जमिनीत मिळालेली, दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावी लागते. तहसील कार्यालयात अर्ज दिलात, त्याची पोच घेतलीत, की तुमचं नाव शोधणारा म्हणून कागदावर येतं. कळवल्यानं घर जप्त होतं, शेत जातं, या गोष्टी गावात फिरतात म्हणून लोक नाणी लपवतात किंवा वितळवतात. कायद्यात शोधणाऱ्याच्या आणि जमीनमालकाच्या हक्कांची तरतूद आहे. अडचण येते ती लपवणाऱ्याला. अर्जासोबत तुमच्या वहीतल्या पानाची प्रत जोडा, फोटो जोडा. नाणं वाचून घ्यायचं असेल तर राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे विचारा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, पुण्यात डेक्कन कॉलेज आहे. तेरला गेलात तर रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं वस्तुसंग्रहालय जरूर बघा. गावातल्या एका माणसानं गावच्या पांढरीतलं एकेक जमवलं, त्यातून ते उभं राहिलं.

यंदा पेरणीच्या वेळी फाळाला काही अडकलं, तर पाभर थांबवून दोन मिनिटं द्या. फोटो, माप, जागा. आणि घरात आधीच एखादं असं शिसं डब्यात पडलेलं असेल, तर ते कुठून आलं हे घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला आज रात्रीच विचारा आणि लिहून ठेवा. नमस्कार.