उतरलेला पंचम

(पुण्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. गोष्ट माझ्या कोथरूडच्या घरातली. एका गायकाचं काळी एक या पट्टीतलं जुनं ध्वनिमुद्रण लावलं होतं. आलाप सुरू झाला आणि मला वाटलं, तानपुऱ्याचा पंचम उतरलाय. एवढ्या मोठ्या गवयाच्या मागे असा तानपुरा? त्याच पट्टीतलं दुसरं मुद्रण लावलं, तिथंही तेच. वैतागून गाणं बंद केलं. गाणं थांबलं, पंचम काही थांबेना.

आता हिशेब बघा. काळी एकचा षड्ज साधारण 138.6 हर्ट्झ. त्याखालचा पंचम त्याच्या पाऊणपट, म्हणजे 104. आपल्या घरातली वीज 50 हर्ट्झची, तिची दुप्पट 100, म्हणजे 104च्या जरा खाली. माझे स्पीकर लहान आहेत, 50 त्यांना झेपत नाही, 100 मात्र छान वाजतं. तो घूं आवाज दिवसभर चालू होता आणि मी गवयाच्या साथीदारांना नावं ठेवत बसलो होतो.

पुढे मी जे केलं, ते इथल्या निम्म्या मंडळींनी केलं असणार. लॅपटॉप आणि डॅक (आकड्यांचा आवाज करणारं यंत्र) यांच्यामध्ये बसणारी, यूएसबीचा सिग्नल ‘स्वच्छ’ करणारी एक डबी घेतली. 14 हजार रुपये. घूं तसाच राहिला. पण गंमत अशी, की गाणं मात्र मला जास्त मोकळं वाटायला लागलं. घरी येईल त्याला मी ते ऐकवायचो. शेवटी बायको म्हणाली, “तुम्ही तिकडे तोंड करून बसा. मी नाणं उडवते, छापा आला तर डबी लावते, काटा आला तर काढते. तुम्ही सांगा.” दहा वेळा केलं. माझं पाच वेळा बरोबर आलं. एकदा तर तिनं काहीच बदललं नव्हतं आणि मी म्हणालो, “हा बघ, आता पडदा उघडला!”

घूं कुठून येत होता, ते नंतर कळलं. ॲम्प्लिफायरच्या दुसऱ्या इनपुटला टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स जोडलेला होता. त्याच्या मागे केबलवाल्याची गच्चीवरून आलेली वायर. त्या वायरची बाहेरची जाळी एका ठिकाणी अर्थ झालेली, माझा ॲम्प्लिफायर भिंतीतल्या अर्थिंगला. दोन अर्थ, मधे थोडा व्होल्टेजचा फरक, की वर्तुळ पूर्ण झालं आणि त्यातून प्रवाह वाहायला लागला. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. केबलचा स्क्रू सोडवला आणि खोली एकदम शांत झाली. मग टीव्हीचा आवाज ऑप्टिकल वायरीनं डॅकमध्ये नेला. तपकीर गल्लीत दोन-तीनशे रुपयांत वायर मिळाली. ऑप्टिकलमधून फक्त लाल उजेड जातो, वीज नाही, त्यामुळे लूप तयारच होत नाही. (नवी वायर लावून आवाज आला नाही तर टोकाची प्लॅस्टिकची टोपी काढली का ते बघा. मी अर्धा तास घालवला होता.)

डिजिटल वायरीतून तीन गोष्टी जातात: आकडे, वेळ आणि कचरा. आकड्यांची फार काळजी करू नका. सीडीचा आवाज म्हणजे सेकंदाला 14,11,200 बिट. आजच्या कुठल्याही धड वायरीला हे काही ओझं नाही. आणि आकडे चुकलेच, तर टक् असं वाजतं किंवा आवाज तुटतो. आकडा चुकला म्हणून खर्ज भरदार होत नाही की सूर गोड होत नाही.

वेळेचं प्रकरण मात्र समजून घेण्यासारखं आहे. कोॲक्सियल (मधे तार, भोवती जाळी असलेली वायर) आणि ऑप्टिकल या दोन्हींत आकड्यांबरोबर तालही वायरीतूनच येतो आणि डॅकला तो पकडून चालावं लागतं. नळ थेट महापालिकेच्या लाइनवर घेतल्यासारखं आहे हे. तिकडे दाब हलला की इकडे धार हलते. ती थरथर म्हणजे जिटर. डॅकमध्ये ती मुरवणारं सर्किट असतं, कुठे चांगलं, कुठे बेताचं. असिंक्रोनस यूएसबीत मात्र गच्चीवर टाकी आहे. घड्याळ डॅकचं स्वतःचं, आणि टाकी रिकामी होत आली की तोच लॅपटॉपला सांगतो, आणखी पाठव. असा डॅक असेल तर त्याच्यापुढे घड्याळ सुधारणारी डबी लावणं म्हणजे टाकी असताना लाइनच्या दाबाची चिंता करणं.

राहिला कचरा, म्हणजे विजेचा नको असलेला गोंगाट. यूएसबीत तो येतो, कारण लॅपटॉपची पाच व्होल्टची तार आणि ग्राउंड थेट डॅकशी जोडले जातात. परीक्षा फुकट आहे. आवाज वाढवा, गाणं थांबवा, कान ट्वीटरजवळ (स्पीकरमधल्या बारीक आवाजाच्या छोट्या पडद्याजवळ) न्या आणि लॅपटॉपचा चार्जर काढा. बॅटरीवर सगळं शांत झालं तर दोष त्या वाटेनं येतोय, आणि तेव्हा यूएसबी आयसोलेटर, म्हणजे दोन्ही बाजूंची वीज वेगळी ठेवणारी डबी, घ्यावा. पण त्याचा वेग तपासा. स्वस्तातले पुष्कळसे 12 मेगाबिटचे असतात. तुमच्या डॅकला 480 लागत असेल तर वरची सॅम्पलिंग (सेकंदाला आवाजाचे जास्त नमुने) मिळणार नाही, कधी डॅक ओळखलाच जात नाही. चार्जर काढून काहीच फरक पडला नाही, तर पैसे खिशातच ठेवा.

एक उपाय लोक सर्रास करतात, तो करू नका: प्लगची अर्थची पिन काढणं. घूं जातो, पण उद्या ॲम्प्लिफायरच्या पत्र्यावर 230 व्होल्ट आले तर ते तुमच्या हातातून जमिनीत जातील.

कोॲक्सियलसाठी वायर 75 ओहमची हवी. जुन्या डीव्हीडी प्लेअरसोबत आलेली पिवळ्या टोकाची व्हिडिओ वायर तशीच असते, माळ्यावर शोधा. ऑप्टिकलला 24 बिट, 96 किलोहर्ट्झपर्यंत बहुधा अडचण येत नाही, त्यावर प्रत्येक यंत्राचं वेगळं. नेटवर्क प्लेअर (घरच्या नेटवर्कवरून गाणी वाजवणारं यंत्र) असेल तर साधी लॅन वायर घ्या, धातूच्या टोकांची शील्डवाली (आत धातूचं आवरण असलेली) नको. लॅनच्या पोर्टात ट्रान्सफॉर्मर असतोच, तो दोन बाजू वेगळ्या ठेवतो. शील्ड मात्र त्या पुन्हा जोडून देते.

माझी 14 हजारांची डबी आज बरोबर आणली आहे. ज्यांना हवी त्यांनी आठवडाभर घरी न्यावी, नाणं उडवायला कुणीतरी हाताशी ठेवावं. तिची छोटी यूएसबी वायर हरवली आहे, तेवढी तुमची लावा.