डबा रिकामा परत जात नाही

श्रोतेहो, नमस्कार.

डिसेंबरात आमच्याकडे पऱ्हाटीची वेचणी चाललेली असते, तूर शेंगांनी वाकलेली असते, आणि घरात नाताळाच्या करंज्यांचं सारण परातीत निवत असतं. अंजनगाव-सुर्जीच्या बाजूचं आमचं गाव. ख्रिस्ती घरं मोजकीच. पण नाताळ आला की सासरी गेलेल्या मुली, पुण्या-मुंबईची पोरं, व्याही, सगळे जमतात आणि अंगणातल्या शेकोटीभोवती जागा पुरत नाही. गेल्या नाताळाला त्या शेकोटीपाशी मी जे पाहिलं, ते आज सांगणार आहे. आत्याला विचारूनच सांगते आहे. ती म्हणाली, "सांग, पन नाव नोको घेजो."

आत्या आता सदुसष्टीची आहे. १९७७ साली ती शिकायला अचलपूरला जायची, शकुंतलेनं. मूर्तिजापूर ते अचलपूर, अडीच फुटी रुळांवरची आपली ती गाडी. आता ती धावत नाही, पण तेव्हा वाफेचं इंजिन होतं आणि ते १९९४ पर्यंत चाललं. फाटक आलं की गाडी थांबायची, गाडीतलाच माणूस खाली उतरून फाटक लावायचा, गाडी पुढे सरकून पुन्हा थांबायची, आणि तो फाटक उघडून धावत येऊन चढायचा. अशा गाडीत दोन माणसांना बोलायला भरपूर वेळ मिळतो. आत्या शेजारच्या जागेवर कापडी पिशवी ठेवायची. पथ्रोट आलं की पिशवी मांडीवर घ्यायची. पथ्रोटला पानमळेवाल्यांचा एक मुलगा चढायचा.

मुलगा रोमन कॅथलिक, आम्ही प्रोटेस्टंट. एवढ्यावरून मोडलं.

आमच्या घरी दर नाताळाला आजोबा रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं म्हणायचे, आणि मग टिळक-लक्ष्मीबाईंची गोष्ट सांगायचे. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, दोघांची ताटातूट झाली, आणि काही वर्षांनी दोघं पुन्हा एका घरात आली. सांगताना आजोबांचे डोळे भरून यायचे. त्याच आजोबांनी पोटच्या मुलीची ताटातूट केली. निरोप घेऊन माझे बाबा गेले होते, सायकलवर, पथ्रोटपर्यंत. बाबा तेव्हा चोवीस वर्षांचे होते. "पुन्हा त्या डब्यात दिसू नका," एवढंच बोलून आले. आत्याला पुढे नर्सिंगला पाठवलं आणि तिकडेच तिचं लग्न लावलं.

मला छळतं ते हे. १९७० सालीच पोप पॉल सहावे यांनी अशा लग्नांचे नियम सैल केले होते. बिशपांकडे अर्ज करायचा, परवानगी काढायची. त्याच वर्षी, २९ नोव्हेंबरला, आपल्या नागपुरात सहा प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन एक चर्च झालं होतं. सगळीकडे दारं उघडत होती. अडवणारे आम्ही होतो.

आणि गेल्या मे महिन्यात माझ्या भाच्याचं लग्न झालं, ते पथ्रोटच्या त्याच घरातल्या मुलीशी. अर्ज केला, परवानगी आली, लग्न लागलं. कुणी चकार शब्द काढला नाही. जुन्या माणसांना सगळं आठवत होतं, पण तीही गप्प राहिली. नवरीचे चुलतआजोबा डोळ्याच्या ऑपरेशनमुळे लग्नाला येऊ शकले नव्हते. ते नाताळाला आले. आत्याच्या यजमानांना जाऊन नऊ वर्षं झालीत, या चुलतआजोबांची बायको करोनात गेली.

शेकोटीपाशी आत्या स्टुलावर बसली होती. त्यांना खुर्ची दिली. बराच वेळ कुणीच बोललं नाही. तुरीच्या शेंगा उकडायला ठेवल्या होत्या, त्यांचा वास येत होता. मग ते म्हणाले, "गुडघे दुखते काय?"

"हाव. तुमचे डोये?"

"एकाचं झालं आपरेशन. दुसऱ्याचं रायलं."

"मंग मी दिसते का न्हाई?"

"त्या बाजूनं बसलं त दिसन."

आत्या उठली. स्टूल उचललं, शेकोटीला वळसा घालून त्यांच्या उजव्या हाताला नेऊन ठेवलं आणि बसली. भावाच्या पोरीनं हसत मोबाईल वर धरला, तो मी खाली केला. म्हाताऱ्या माणसांच्या अशा भेटीची थट्टा करायची आपल्याला सवय आहे. सून डोळा मारते, पोरं गाणी लावतात. मला ते सहन होत नाही. सत्तेचाळीस वर्षांनी दोन माणसं एकमेकांच्या गुडघ्यांची न् डोळ्यांची चौकशी करत असतील, तर त्यांना करू द्यावी.

जेवायला पंगत बसली. आमच्याकडे जेवणाआधीची प्रार्थना घरातला कर्ता पुरुष करतो. आजोबांनंतर आजवर ती बाबांनीच केली आहे. त्या रात्री बाबा उभे राहिले, डोक्याची टोपी काढली आणि पाहुण्यांना म्हणाले, "आज तुमी करा."

त्यांनी आधी क्रुसाची खूण केली. आमच्या पंगतीत ती आजवर कुणी केली नव्हती. मग अन्नासाठी आभार मानले, शेतासाठी, आणि "या घरासाठी" म्हणाले. सगळ्यांचं आमेन झालं. आत्याचं जरा मागून आलं.

बाबांना घास गेला नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "बाबा, माफी मागायला हवी होती." ते म्हणाले, "कोन्या तोंडानं मागू?" मी यावर काही बोलले नाही, पण मागायला हवी होती असं मला अजूनही वाटतं. आत्यालाही, त्यांनाही.

आता दोघं लग्न करणार का, असं बायका मला विचारतात. मी विचारलेलं नाही आणि विचारणार नाही. एकदा आमच्या घरानं त्यांच्या वतीनं ठरवून झालं आहे.

निघताना आत्यानं त्यांना करंज्यांचा डबा दिला, स्टीलचा, झाकणाला पोचा पडलेला. आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, तुम्हाला ठाऊकच आहे. पंधरा दिवसांनी आमच्या भाच्यासोबत तो आला, ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं भरून. आत्या पान खात नाही. तिनं एकेक पान पुसून ओळीनं लावलं, एक तोंडात टाकलं, आणि डबा घासून त्यात तिळाचे लाडू भरायला घेतले.