पाकळ्या कोरड्याच हव्यात

[दृश्य: उघडलेला फोल्डिंग कॅमेरा. शटरची घरघर मध्येच थांबते.]

एक सेकंद लावला, कळ ताणली, शटर सोडलं. घर्र… आणि गप्प. प्रकाश अडवणाऱ्या पाकळ्या अर्ध्या उघड्या.

हे कॉम्पूर-रॅपिड. म्युनिकच्या फ्रीडरिश डेकेल कारखान्याचं, 1930च्या दशकातलं शटर. अशा शटरमध्ये बहुतेक वेळा मोडलेलं काही नसतं. जुनं वंगण चिकट झालेलं असतं, एवढंच.

ते कुठे चिकटलंय हे आधी ओळखायचं. 1/100 सेकंद ठीक, पण 1, 1/2, 1/5 रेंगाळतात? मग दोष वेग मंदावणाऱ्या दातेरी चाकांत. शटर जितकं मंद, तितकं ते या चाकांवर अवलंबून. आणि पाकळ्या प्रत्येक वेगाला अडत असतील तर त्यांच्यावर तेल उतरलंय. पातळ पोलादी पाकळ्या एकमेकींवरून सरकतात. मध्ये तेल आलं की त्या ओल्या काचांसारख्या चिकटतात, आणि नाजूक स्प्रिंगचा जोर पुरत नाही. त्यावर तेलाचा स्प्रे मारणं हा सगळ्यात वाईट उपाय.

[दृश्य: पुढची भिंगं निघतात.]

पुढची आणि मागची, दोन्ही भिंगं काढा. पुढचं भिंग फिरवून फोकस होत असेल तर आधी अनंतावर आणून खूण करा. परत बसवताना आटा चुकला, तर फोकस गेला.

खिडकी उघडी, जवळ ज्योत नको. लायटरमध्ये भरतात ते पेट्रोल, इयरबड, चिमटा. शटर टी वर (पुन्हा दाबेपर्यंत उघडं राहतं ती खूण) उघडं ठेवून मागच्या बाजूने पाकळ्यांच्या कडा हलक्या हाताने पुसा. बड ओला हवा, पण थेंब गळता कामा नये. मग बंद करून वीस-तीस वेळा चालवा. पुन्हा पुसा.

[दृश्य: बडच्या टोकावर काळी रेघ.]

ही रेघ उमटायची थांबेपर्यंत बड बदलत राहा.

चाकांसाठी पुढची कडी काढावी लागते. कडेचा अडसर-स्क्रू वळवा, कडी फिरवा, उचला. प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्या. चाकांवर दोन-तीन थेंब पेट्रोल, एक सेकंदावर शटर चालवत राहा, सुटलेली घाण टिपून घ्या. वाळल्यावर घड्याळाचं तेल, तेही फक्त चाकांच्या आसांना, सुईच्या टोकावर मावेल इतकंच. दात्यांना नाही. पाकळ्यांना तर मुळीच नाही.

आता शटर सुरेख चालेल. त्यावर विश्वास ठेवू नका. पेट्रोल ओलं आहे तोवर सगळंच सरकतं. ते उडालं की विरघळलेलं तेल पुन्हा पाकळ्यांवर बसतं, आणि तीन-चार वेळा पुसावं लागणं अगदी नेहमीचं आहे.

रात्रभर तसंच ठेवा. सकाळचं पहिलंच क्लिक मोबाइलवर सेकंदाला 240 फ्रेमच्या स्लो-मोशनमध्ये टिपा. एक सेकंदाला पाकळ्या सुमारे 240 फ्रेम उघड्या दिसल्या पाहिजेत, 1/10 ला 24. एक सेकंदाला 300 आल्या तर फरक जेमतेम तृतीयांश स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश), निगेटिव्हला चालतो. 1/100 ला दोन-तीनच फ्रेम मिळतात, पुढे त्याहून कमी; तिथे हे माप कामाचं नाही.

आणि 1/500 वापरायचा असेल तर कळ ताणण्याआधी लावा. त्या वेगाला आत जादा स्प्रिंग गुंतते.