फलांगा: थरथरत्या हातातलं क्षेपणास्त्र

(पडद्यावर: मि-4 हेलिकॉप्टर, जुनं कृष्णधवल चित्रण)

वीस सेकंद. हेलिकॉप्टरमधून सोडलेल्या सोव्हिएत फलांगा क्षेपणास्त्राला चार किलोमीटरवरच्या रणगाड्यापर्यंत पोहोचायला साधारण एवढा वेळ लागायचा. तेवढ्यात नेमबाजाची काय तारांबळ उडत असेल, बघा. क्षेपणास्त्राच्या शेपटाला झगझगीत ज्योत. नजर एकदा त्या ज्योतीवर, एकदा रणगाड्यावर, आणि हातातल्या जॉयस्टिकने दोन्ही एका रेषेत ठेवायचं. खाली अख्खं हेलिकॉप्टर धडधडतंय! शिवाय ते पुढेही सरकतंय. ताशी दीडशेच्या वेगाने या वीस सेकंदांत शत्रूच्या आठशे मीटर जवळ.

फलांगा मुळात हेलिकॉप्टरसाठी नव्हतंच. अलेक्सांद्र नुदेलमन यांच्या संस्थेचं हे अस्त्र 1960 मध्ये सोव्हिएत सैन्यात आलं, ते चिलखती गाडीवर बसून. आदेश रेडिओने जायचे, मागे आदेश नेणारी तार लोंबत नव्हती. हेलिकॉप्टरला हे सोयीचंच. तिकडे फ्रेंचांनी आपली तारेची क्षेपणास्त्रं हेलिकॉप्टरवर चढवली होती. सोव्हिएतांनीही साठच्या दशकात चिमुकल्या मि-1 वर प्रयोग केले, मग मि-4 वर चार फलांगा टांगली. पुढे मि-24 ए आलं. हेलिकॉप्टर नवं कोरं, पण नेम मात्र अजून हातावरच.

(पडद्यावर: मि-24 डी, नाकाचा जवळून शॉट)

अडचण क्षेपणास्त्रात कमी, हातात जास्त होती. म्हणून फलांगा-पी या सुधारित रूपात ते काम हाताकडून काढून घेतलं. नेमबाजाने दुर्बिणीची फुली फक्त रणगाड्यावर धरून ठेवायची. ज्योत किती भरकटली हे यंत्र मोजणार आणि दुरुस्तीचा आदेशही तेच धाडणार. दुर्बीण स्थिर केलेली, त्यामुळे धडधड फुलीपर्यंत पोहोचत नसे.

खरं तर मि-24 साठी हवं होतं श्तुर्म हे नवं क्षेपणास्त्र. रशियातल्या कोलोम्ना शहरातले रचनाकार सर्गेई नेपोबेदिमी यांचं. (आडनावाचा अर्थ 'अजिंक्य'. शस्त्रं बनवणाऱ्याला शोभतं!) ते वेळेत तयार होईना, म्हणून मि-24 डी फलांगा-पी घेऊनच उडालं. अखेर 1976 मध्ये मि-24 व्ही सोबत श्तुर्म सेवेत आलं: ध्वनीहून वेगवान, पाच किलोमीटर पंधरा सेकंदांत.

मि-24 डी चं निर्यातीचं रूप म्हणजे आपल्या हवाई दलाने वापरलेलं मि-25. फोटो सापडला तर नाकाखाली बघा. हेलिकॉप्टरच्या डाव्या अंगाला जो छोटा फुगवटा दिसतो ती फलांगाची अँटेना, आणि उजवीकडे नेमबाजाची दुर्बीण.