पणजीचा हाली सिक्का

हे नाणं जे क्लोजअपमध्ये दिसतंय ना, ते माझ्या पणजीच्या बटव्यातलं, हाली सिक्का. वर चारमिनार आणि मधल्या दारात 'ऐन' हे उर्दू अक्षर, ऐन म्हणजे उस्मान, हैदराबाद संस्थानचा सातवा निजाम मीर उस्मान अली खान. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद, आपल्या मराठवाड्याच्या तेव्हाच्या पाचही जिल्ह्यांचा बाजारहाट ह्याच्यावर चालायचा.

निजामाची वफादारी मात्र इंग्रजांशी. पहिल्या महायुद्धात त्यांना एवढा पैसा पुरवला की 'यार-ए-वफादार' असा किताबच मिळाला, दुसऱ्या महायुद्धात तर ब्रिटिश हवाई दलाच्या १५२ नंबर स्क्वाड्रनला हैदराबादचं नाव होतं, ऑस्ट्रेलियाच्या नौदलात 'निजाम' नावाची युद्धनौका होती. तिजोरीत पैसा येत होता कुठून, तर आमच्या ज्वारी-कापसाच्या रानावर बसवलेल्या शेतसाऱ्यातून पण.

आणि इकडं पोरांनी वंदे मातरम म्हणलं तर चालत नव्हतं! १९३८ साली औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या होस्टेलमधली पोरं अडून बसली, गाणार म्हणजे गाणार, मग हे लोण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या होस्टेलपर्यंत गेलं आणि शेकड्यांनी पोरं कॉलेजातनं काढली. विचार करा, घरात पहिल्यांदा कुणीतरी कॉलेजला गेलेलं, बापानं कर्ज काढून पाठवलेलं, आणि पोरगं ट्रंक उचलून परत दारात. नागपूर विद्यापीठानं त्यातल्या बऱ्याच जणांना घेतलं, त्यात पुढं पंतप्रधान झालेले नरसिंह रावही होते. त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली, तिचे नेते स्वामी रामानंद तीर्थ सत्याग्रह करून जेलात गेले. बंदी उठली थेट १९४६ ला, म्हणजे अख्खं महायुद्ध संपल्यावर.

पुढचं सगळ्यांना माहितीय, रझाकार म्हणजे निजामाच्या बाजूची हत्यारबंद संघटना, त्यांचा म्होरक्या कासिम रझवी, आपल्या लातूरचा वकील. पण ही हिंदू-मुसलमानांची लढाई होती असं कुणी सांगायला लागलं तर त्याला शोएबुल्ला खानचं नाव सांगा. 'इमरोज' पेपरचा तरुण संपादक, हैदराबादनं भारतात यावं असं उघड लिहायचा, २२ ऑगस्ट १९४८ ला त्याला मारून टाकलं.

१७ सप्टेंबरला निजाम भारताच्या फौजेला शरण आला, आपण झेंडा लावतो तो ह्याच दिवशी. त्यानंतरचे आठवडे मात्र आपण भाषणात घेत नाही. गावोगाव मुसलमान कापले गेले. भारत सरकारनं चौकशीला पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं सगळ्यात वाईट म्हणून जे चार जिल्हे लिहिले, त्यात उस्मानाबाद आणि नांदेड आपले.

पणजीनं तेव्हा शेजारची दोन मोमीन लेकरं धान्य साठवायच्या बळदात लपवली होती. तीन दिवस. रात्री दिवा न लावता वरून भाकरी सोडायची, आणि आतून आवाज येऊ नये म्हणून बाहेर जात्यावर बसून दळत राहायची, दाणे संपले तरी.