थेंबाच्या वर पाहा

मंडळी, फळ्यावर विषय लिहिलाय, ‘पॉवर स्टिअरिंगमधली हवा घरच्या घरी कशी काढावी’. म्हणजे तेलाच्या दाबाने स्टिअरिंग हलकं करणाऱ्या सोयीत अडकलेली हवा. ते सांगणारच आहे. पण त्याआधी एक जुनं दुखणं बोलून घेतो. ट्रकखाली उताणं पडून नाकावर तेलाचा थेंब किती जणांनी झेललाय? हात वर करा. एवढेच? बाकीचे लाजताहेत.

माझं म्हणणं असं, की थेंब जिथून पडतो तिथे गळती बहुधा नसतेच. तेल पाईपवरून घरंगळतं, ब्रॅकेटवर रेंगाळतं, गाडी पळताना वाऱ्याने मागे जातं आणि सगळ्यात खालचं टोक गाठून लोंबतं. आपण त्या टोकाला पकडतो. चोर सोडून संन्याशाला फाशी!

मीही दिली, दोनदा. माझ्या ट्रकच्या स्टिअरिंग बॉक्सच्या बुडाशी, ड्रॉप आर्मच्या (बॉक्सच्या शाफ्टवर बसणारा, चाकं वळवणारा दांडा) अगदी जवळ, लाल थेंब दिसला. मी निकाल दिला, शाफ्टचं सील गेलं. आता ड्रॉप आर्म काढणं म्हणजे काय, हे ज्यानं काढलाय त्यालाच ठाऊक. नट निघाला, आर्म निघेना. हातोडा मारून पाहिला (मारू नका, आत बेअरिंगं आहेत), मग पुलर मागून आणला. दोन रविवार गेले. नवं सील बसवलं, तेल भरलं, सोमवारी पुन्हा थेंब. मी म्हटलं, सीलच नकली! दुसरं आणलं, पुन्हा सगळं उचकटलं. पुन्हा थेंब. शेवटी मुलगी बॅटरी धरायला बसली होती, ती म्हणाली, “बाबा, हे वरूनच ओलं आहे.” वर म्हणजे कुठे? टाकीकडे परत येणाऱ्या पाईपच्या क्लिपपाशी. आणि ती क्लिप सैल कुणी ठेवली? महिन्यापूर्वी बेल्ट बदलताना हात जाईना म्हणून मीच ती काढली होती. संन्याशाला फाशी देणारा न्यायाधीश स्वतःच चोर!

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी सगळं पुसून कोरडं करायचं, खाली पुठ्ठा टाकायचा, इंजिन सुरू करून कुणाला तरी स्टिअरिंग फिरवायला सांगायचं आणि वरून खाली पाहत यायचं. सगळ्यात वरचा ओला भाग सापडला, की चोर सापडला.

जाता जाता सांगतो, पॉवर स्टिअरिंगची ही हायड्रॉलिक सोय फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन इंजिनिअरने १९२६ च्या सुमारास गाडीत बसवून दाखवली. तो आधी पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागात होता. आता अवजड ट्रकांशी झटलेल्या माणसालाच हे सुचणार, नाही का? बाजारात मात्र ती १९५१ मध्ये आली, क्रायस्लरच्या इम्पीरियलमध्ये. पंचवीस वर्षं! माझे दोन रविवार त्यापुढे काहीच नाहीत.

दुसरी तक्रार गळती दिसली की नटाला ‘आणखी पाव फेरा’ मारणाऱ्यांबद्दल. प्रेशर पाईपच्या ज्या जोडाला ओ-रिंग (गोल रबरी कडी) असते, तिथे तेल अडवते ती रिंग. रिंग चिरलेली किंवा जुनीच परत घातलेली असेल, तर नट कितीही आवळा, फक्त आटे जातील. टेफलॉन टेपही गुंडाळू नका, तिचे तुकडे आत जाऊन व्हॉल्व्हमध्ये अडकतात. आणि टाकीत ब्रेक ऑइल ओतणाऱ्यांना तर मी... असो. त्याने रबरी सीलं फुगतात. ट्रकच्या पुस्तिकेत लिहिलेलंच तेल भरा.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली म्हणे. बरं, हवा काढणं.

मागच्या चाकांना उटी (अडसर) लावा, पुढचा भाग उचलून स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर नाही. टाकी भरा. इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश वीसेक वेळा फिरवा, मधून मधून पातळी पाहत तेल घाला. मग इंजिन सुरू करून तेच पुन्हा. टोकाला नेऊन दाबून धरू नका. तिथे दाब सगळ्यात जास्त चढतो, शंभर बारच्या आसपास आणि मोठ्या ट्रकांत त्याहूनही वर, आणि तेल झपाट्याने तापतं. म्हणूनच चालू इंजिनात प्रेशर पाईपवर बोट फिरवून गळती शोधू नका. बारीक छिद्रातून येणारी धार कातडीच्या आत घुसते. तसं झालं तर जखम टाचणीएवढी दिसली तरी तडक हॉस्पिटल.

टाकीत फेस दिसला किंवा पंप रडू लागला, तर हवा अजून आहे. इंजिन बंद करून तेल निवळू द्या, मग पुन्हा फिरवा. एवढं करूनही फेस जात नसेल आणि खाली पुठ्ठा कोरडा असेल, तर टाकीतून पंपाकडे जाणारा पाईप तपासा. तिथे ओढ आतल्या बाजूची असते, त्यामुळे तेल बाहेर न येता हवाच आत जाते. म्हणजे या गळतीला थेंबच नाही, माझा सगळा सिद्धांत इथे... हो, हो, उतरतो.