पाडव्याआधीची परसबाग

श्रोतेहो, नमस्कार.

फाल्गुन लागला की आपल्या खानदेशात सकाळ आणि दुपार यांची फारकत होते. पहाटे अंगावर गोधडी हवी असते, आणि बारा वाजता अंगणात अनवाणी पाऊल टाकवत नाही. पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा. पण वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा फुलाफळांचं कौतुक करायला बाहेर कोण थांबणार? आपला खरा वसंत होळी ते गुढीपाडवा, फार तर चार दिवस मागेपुढे. परसबागेचं जे काही करायचं ते तेवढ्यातच. आज त्याच दिवसांबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे.

नोकरी संपली आणि मी पुण्याहून यावल तालुक्यात, आमच्या गावच्या घरी राहायला आले. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, मध्ये केळीचे मळे. या दिवसांत डोंगराच्या पायथ्याला पळस फुललेला असतो. पुढे मोह गळायला लागतो. तो पहाटे गळतो, म्हणून पाड्यांवरची माणसं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली पोचलेली असतात. गावात कडुनिंबाला कोवळी तांबूस पालवी येते, शेवग्याच्या शेंगा लोंबायला लागतात, आणि तांबट पक्ष्याची टुकटुक दिवसभर चालू असते. हे सगळं लहानपणापासून पाहिलेलं. पण सुटीत चार दिवस येऊन पाहणं वेगळं आणि रोज उठून त्यातच असणं वेगळं. मला हे रोजचं असणं फार प्रिय आहे.

आता बागेकडे वळू. थंड मुलखात वसंतात वाफे फुलांनी भरून टाकत असतील. इथे पुढे ऊन उभं आहे हे धरूनच हात चालवावा लागतो. जे लावायचं ते उन्हाला टिकणारं हवं, आणि जे आधीपासून आहे त्याला सावली आणि ओल मिळायला हवी. माझ्या मते सावलीचं काम आधी करावं, लावणीचं नंतर. त्यातही पश्चिमेची बाजू आधी धरावी, कारण रोपाला जाळतं ते उतरतीचं ऊन. केळीच्या बागेला वारा आणि उन्हाची झळ लागू नये म्हणून आपले शेतकरी कडेने शेवरी लावतात, तेच परसात छोट्या प्रमाणावर करता येतं. कुठे एरंड, कुठे शेवरी, कुठे पऱ्हाट्यांची, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांची, ताटी करून त्यावर चढवलेला गिलक्याचा वेल. काहीच नसेल तर जुनी सुती साडी चार काठ्यांना बांधा, तीही चालते. खाली आळ्यात केळीची वाळलेली पानं पसरली की ओल दुपारीही टिकते. या मुलखात केळीच्या पानाला तोटा नाही.

पाण्याबद्दल मात्र सावकाश बोलते. आपल्या पट्ट्यात पाऊस वर्षाला साधारण सात-साडेसातशे मिलिमीटर, आणि केळीला बारा महिने पाणी. यावल-रावेरच्या विहिरींचं पाणी किती खोल गेलं, हे इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. अशा गावात परसबागेवर नळी धरून उभं राहायला मन धजत नाही. मी माठ वापरते. भाजलेला, न रंगवलेला माठ गळ्यापर्यंत मातीत पुरायचा, पाण्याने भरायचा, वर परळ झाकायचं म्हणजे डासही होत नाहीत. त्याच्याभोवती हातभर अंतरात काकडी, दोडकं, मिरची लावायची. माठाच्या अंगातून पाणी हळूहळू झिरपतं. भोवतालची माती कोरडी असेल तर ती जास्त ओढून घेते, ओली असेल तर झिरपणं मंदावतं. म्हणजे किती पाणी द्यायचं याचा हिशेब मातीच ठेवते. माठ पुरण्याआधी एक रात्र भरून ठेवून बघा. सकाळी त्याच्या अंगावर ओल दिसली तर तो कामाचा. वर्षानुवर्षं पाणी प्यायलेला जुना माठ बहुतेक वेळा पाझरत नाही, त्याची छिद्रं क्षाराने बुजलेली असतात.

ज्यांना माठ जमत नाही त्यांनी वेळ पाळावी. आमच्या शेजारच्या काकू पहिल्याच आठवड्यात कुंपणावरून मला म्हणाल्या, "संध्याकायले पानी दे माय, उनात नको." त्यांचं बरोबर आहे. दुपारी दिलेलं पाणी बरंचसं हवेतच जातं. आणि न्हाणीचं पाणी वाया कशाला घालवायचं? त्यावर अळू आणि एखादी केळ आरामात पोसते.

धुळ्याकडे पांझरा नदीवर फड पद्धत होती, काही गावांत अजून आहे. नदीवर बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि शिवाराचे फड, म्हणजे भाग, पाडून पाणी सगळ्यांना आळीपाळीने. पाण्याची पाळी गावानेच ठरवायची आणि गावानेच पाळायची. कित्येक पिढ्या हे चाललं. मला त्याचा फार अभिमान वाटतो, आणि पाणी कमी असलेल्या जिल्ह्यांनी ते शिकून घ्यावं असंही वाटतं.

या दिवसांतलं माझं सगळ्यात आवडतं काम म्हणजे भरताच्या वांग्याचं बी धरणं. आपलं जळगावचं भरीत वांगं, फिकट हिरवं, मोठं, कमी बियांचं. 2016 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, जळगावच्या केळीलाही त्याच वर्षी. हिवाळ्यात हे वांगं पऱ्हाट्यांवर भाजून घरोघरी भरीत होतं, होळीपर्यंत झाडं थकतात. तेव्हा एका निरोगी झाडावरचं एक फळ तोडायचं नाही. ते पिवळं होईपर्यंत, सुरकुतेपर्यंत झाडावरच ठेवायचं. मग चिरून गर पाण्यात कुस्करायचा. भरलेलं बी तळाशी बसतं, पोचट बी वर तरंगतं, ते ओतून टाकायचं. राहिलेलं बी सावलीत वाळवून चुलीच्या राखेत घोळवायचं आणि चिंधीत बांधून ठेवायचं. कीड लागत नाही. पावसाळ्यात त्याची रोपं टाकायची. बाजारात बी मिळतं, नाही असं नाही. पण ज्या वांग्याची चव आपल्या जिभेवर आहे त्याचंच झाड पुन्हा आपल्या दारात उभं करायचं असेल, तर ही तसदी घ्यायलाच हवी.

मोगऱ्याचंही सांगते. ज्यांनी माघात त्याचं पाणी तोडलं, पानं झडू दिली, मग छाटणी करून आळं उकरलं आणि कुजलेलं शेणखत घालून पाणी सोडलं, त्यांच्या दारात आता कळ्या धरल्या असतील. हे झाड उन्हाला भीत नाही. सगळी बाग माना टाकते तेव्हा मोगरा फुलतो.

आणि घरातली उन्हाळ्याची कामं! ज्वारी दोन-तीन दिवस भिजवून, भरडून, तीळ, लसूण, मिरची घालून शिजवलेला बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, घाटा. पहाटे चूल पेटते, शेजारणी गोळा होतात, ओल्या फडक्यावर हाताने बिबडी थापली जाते आणि फडकं खाटेवर उलटं टाकून ती अलगद सोडवली जाते. उजाडेपर्यंत गच्चीभर खाटा भरलेल्या असतात. मुलांना वाटीत गरम घाटा आणि त्यावर तेलाची धार. शहरात मी तयार बिबड्या विकत घेत असे, त्या कुरकुरीत असत, चांगल्याही असत. पण चार बायकांनी एका चुलीभोवती बसून केलेल्या कामात जी ऊब असते ती विकत कुठून मिळणार? आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, असं सगळ्या गल्लीचं वाळवण होतं. एकटीवर बोजा पडत नाही.

पुण्यात, नाशकात, सुरतेत राहणाऱ्या आपल्या लेकीसुनांना, मुलांना माझी एक कळकळीची विनंती आहे. तुम्ही आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, येता, आमरस-पुरणपोळी होते, झोके बांधले जातात, ते आनंदाचंच आहे. पण एखाद्या वर्षी होळीलाच या. घराचं कुलूप काढा, अंगण सारवा, दोन वाफे करा. मुलांना माती चाळू द्या. वैशाखातली रखरख पाहून त्यांना गाव नकोसं वाटतं, त्यात त्यांचा दोष नाही. फाल्गुनातलं गाव त्यांनी पाहिलेलंच नसतं.

या आठवड्यात कुणाला काही लावायचं असेल तर भेंडी आणि गवार लावा, दोन्ही ऊन सोसतात. टोमॅटोच्या मागे आता लागू नका, पारा पस्तिशीपार गेला की त्याचा फुलोरा गळतो. भेंडीचं बी रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी ओल्या वाफ्यात बोटाच्या एका पेराइतकं खोल टोचा, दोन झाडांत वीतभर अंतर राखा. वाफ्याच्या कडेने तांदुळजा फेकला तर महिन्याभरात भाजी मिळते. भेंडीचा पहिला तोडा दीड महिन्यात होतो. म्हणजे आखाजीला माहेरवाशिणी घरी येतील, तेव्हा ताटात आपल्या वाफ्यातली भेंडी असेल.

नमस्कार.